लव्हेंडरचें तेल आणि बाटलींतलें रोप

‘ऊतिसंवर्धन’ अथवा बाजारांतील बोलीप्रमाणें ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द आतां खेड्यापाड्यांतील चावडीपर्यंत पोंचला आहे. केळीच्या बागाईतदारास त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा अशी स्थिति राहिलेली नाहीं. परंतु हल्लीं त्याच शब्दाच्या आश्रयानें दोन निराळ्या वार्ता शेतकऱ्यांच्या कानीं येत आहेत. एक अशी कीं, लव्हेंडरसारख्या सुगंधी वनस्पतींचें तेल यापुढें शेतांत पिकवावें लागणार नाहीं. कारखान्यांतील मोठमोठ्या पिंपांत वनस्पतीच्या पेशी वाढवून तें काढतां येईल. दुसरी अशी कीं, टिश्यू कल्चरचें लव्हेंडर लावा आणि दोन वर्षांत श्रीमंत व्हा. पहिली वार्ता शेतकऱ्यास भेडसावते, दुसरी त्यास भुलविते. आमच्या मतें दोन्ही वार्ता अर्धवट माहितीवर उभारलेल्या आहेत. आणि अर्धवट माहितीचा दंड आजवर नेहमीं शेतकऱ्यानेंच भरला असल्यामुळें या विषयाचा येथें थोडा खोलांत जाऊन विचार करणें अवश्य वाटतें.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊं. लव्हेंडर हें तुळशीच्या कुळांतील एक लहान, बहुवर्षायु झुडूप आहे. भूमध्य समुद्राभोंवतालच्या कोरड्या, चुनखडीच्या डोंगराळ जमिनी हें त्याचें मूळ घर होय. व्यापारांत त्याचे दोन प्रकार मुख्य आहेत. अस्सल लव्हेंडर थंड व उंच प्रदेशांत होतें आणि त्याचें तेल मृदु सुवासाचें असतें. दुसरें लव्हेंडिन, हें अस्सल लव्हेंडर व रुंद पानांचें लव्हेंडर यांच्या संकरापासून झालेलें आहे. लव्हेंडिनचें झाड जोमदार व त्याचें तेल पुष्कळ, पण त्यांत कापुराचा अंश अधिक असल्यामुळें भाव कमी. अस्सल लव्हेंडरच्या शंभर किलो ताज्या फुलोऱ्यापासून वाफेच्या भट्टींत साधारणतः अर्धा ते दीड किलो तेल मिळतें. लागवडीनंतर भरघोस फुलोरा येण्यास दोन-तीन वर्षें लागतात. मग चांगली निगा राखल्यास झुडूप दहा वर्षें व कधीं त्याहूनही अधिक काळ उत्पन्न देतें. फ्रान्सचा प्रोव्हांस प्रांत या पिकासाठीं जगप्रसिद्ध आहे. परंतु २०१० नंतरच्या दशकांत बल्गेरिया देशानें अस्सल लव्हेंडरच्या तेलांत फ्रान्सलाही मागें टाकलें. आपल्या देशांत जम्मूच्या डोडा जिल्ह्यांतील भदरवाह हें सुमारें पांच हजार फूट उंचीवरील खोरें या पिकामुळें नांवारूपास आलें. तेथें मका पेरणाऱ्या लहान शेतकऱ्यांस जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेनें रोपें पुरविलीं, भट्ट्या उभारून दिल्या आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या सुगंध अभियानानें त्या कार्यास बळ दिलें.

आतां तेल कोठें असतें तें पाहूं, कारण सर्व वादाचें मूळ येथेंच आहे. लव्हेंडरचें तेल झाडाच्या अंगांत रसासारखें सर्वत्र भरलेलें नसतें. फुलाच्या पुष्पकोशावर डोळ्यांस जेमतेम दिसतील अशा चकचकीत ग्रंथि असतात. त्या ग्रंथींच्या पेशी तेल तयार करितात व आपल्या पातळ आवरणाखालीं एका पोकळींत सांठवितात. तेलांतील मुख्य घटक लिनालूल व लिनालिल ॲसिटेट हे होत. उत्तम तेलांत प्रत्येकाचें प्रमाण स्थूलमानानें पावहिश्शापासून चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असतें. हे घटक पेशींस विषासमान आहेत. म्हणूनच निसर्गानें ते पेशींच्या अंगाबाहेर, निराळ्या कोठारांत ठेवण्याची योजना केली आहे. पानांवरही ग्रंथि असतात, पण पानांच्या तेलाची घडण फुलांच्या तेलासारखी नसते. तात्पर्य, तेल हवें तर नुसत्या पेशी असून भागत नाहीं. त्या पेशींनीं फूल व्हावें लागतें आणि फुलावर ग्रंथि याव्या लागतात.

ऊतिसंवर्धनाचें शास्त्र कोठून आलें हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशींत सबंध झाड पुन्हां उभें करण्याची शक्ति सुप्त असावी, असा विचार हाबरलांड्ट या शास्त्रज्ञानें १९०२ सालीं मांडला. तो खरा ठरण्यास अर्धें शतक लागलें. १९५२ सालीं मोरेल व मार्टिन या फ्रेंच संशोधकांनीं विषाणुग्रस्त डेलियाच्या शेंड्याचा अगदीं सूक्ष्म कोंब वाढवून त्यापासून निरोगी झाड मिळविलें. १९५८ सालीं स्टीवर्डनें गाजराच्या पेशींपासून सबंध रोपें वाढविल्याचें दाखविलें. १९६२ सालीं मुराशिगे व स्कूग यांनीं क्षार, साखर व जीवनसत्त्वें यांचें जें पोषकमिश्रण सिद्ध केलें, तें आजही जगांतील बहुतेक प्रयोगशाळांत वापरलें जातें. या इतिहासांत आपल्या देशाचा वाटाही लहान नाहीं. दिल्ली विद्यापीठांत सिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनीं १९६४ सालीं धोतऱ्याच्या परागकोशापासून रोपें वाढवून जगास चकित केलें. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें १९९० सालीं बाटलींतल्या बांबूस फुलें आणून दाखविलीं. जो बांबू रानांत कित्येक दशकांनीं एकदांच फुलतो, तो कांचेच्या नळींत थोड्या महिन्यांत फुलला, ही गोष्ट आजही विस्मयकारक वाटते.

लव्हेंडरच्या बाबतींत ही क्रिया अशी चालते. निरोगी झाडाचा शेंडा अथवा डोळ्यासह लहान कांडें घेऊन तें जंतुनाशकानें धुतात व निर्जंतुक बाटलींत आगरच्या घट्ट केलेल्या पोषकमिश्रणावर ठेवितात. लिटरला सुमारें तीस ग्रॅम साखर व फुटवे आणणाऱ्या संप्रेरकाचा अल्पसा अंश त्यांत असतो. पंचवीस अंशांच्या आसपास उष्णता व रोज सोळा तास प्रकाश मिळाला म्हणजे थोड्या आठवड्यांत एका कोंबाचे अनेक फुटवे होतात. समजा, दर महिन्यास एकाचे चार झाले. तर सहा महिन्यांत एका कोंबापासून चार हजारांवर कोंब होतात. नंतर त्यांस मुळें फोडणाऱ्या मिश्रणावर ठेवितात आणि शेवटीं बाहेरच्या हवेची संवय हळूहळू लावितात. हा शेवटचा टप्पा फार नाजूक असतो. बाटलींतल्या दमट हवेंत वाढलेलें लव्हेंडर कधीं कधीं पाणी भरल्यासारखें, कांचेसारखें ठिसूळ होतें आणि तसें रोप बाहेर काढल्याबरोबर माना टाकतें.

आतां पहिल्या वार्तेकडे वळूं. बाटलींत रोप होतें हें खरें. मग बाटलींत तेल कां होऊं नये? कारण पिंपांतल्या द्रवांत ज्या पेशी वाढवावयाच्या, त्यांचा नुसता आकारहीन गोळा असतो. त्यांस ना फूल, ना ग्रंथि, ना तेल सांठविण्याची कोठी. बल्गेरियांतील संशोधकांनीं लव्हेंडरच्या पेशी द्रवांत वाढवून त्यांतून रोझमॅरिनिक आम्ल नांवाचें उपयुक्त द्रव्य काढलें आहे. परंतु तें सुगंधी तेल नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. पेशींस जें सहज जमतें तें त्या देतात. आपणांस जें हवें तें देतीलच असें नाहीं.

बरें, क्षणभर असें गृहीत धरूं कीं शास्त्रज्ञांनीं ही अडचणही दूर केली. मग हिशेब काय होतो तो शेतकऱ्यानें स्वतःच बोटांवर मोजून पाहावा. समजा, एक लिटर द्रवांत पंधरा ग्रॅम सुक्या पेशी मिळाल्या आणि उदारपणानें त्यांत एक टक्का तेल धरिलें. म्हणजे लिटरमागें ग्रॅमचा सातवा हिस्सा तेल. एक किलो तेलासाठीं साडेसहा हजारांहून अधिक लिटर द्रव लागेल आणि त्यांत सुमारें दोनशें किलो साखर खर्ची पडेल. शिवाय सर्व यंत्रें निर्जंतुक ठेवण्याचा खर्च, वीज व कुशल कामगारांचे पगार निराळे. प्रोव्हांसच्या माळावरील झुडूप हेंच काम सूर्यप्रकाशावर व पावसाच्या पाण्यावर करितें. ऊंस पिकविणाऱ्या आमच्या बंधूंस साखरेचा असा खप कदाचित् आवडेल, पण कारखानदारास तो परवडणार नाहीं.

ऊतिसंवर्धनानें द्रव्यें काढण्याचा धंदा मुळींच यशस्वी झाला नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. जपानांत १९८३ सालीं शिकोनिन नांवाचें तांबडें रंगद्रव्य पेशींपासून व्यापारी प्रमाणावर काढण्यांत आलें. परंतु तेथें परिस्थिति निराळी होती. मूळ वनस्पतीच्या मुळ्यांत तो रंग सांचण्यास वर्षें लागत, वनस्पति दुर्मिळ होती आणि रंगाचा भाव फार मोठा होता. दुर्मिळ, मंद वाढणाऱ्या व अतिशय महाग वस्तूच्या बाबतींत पिंप शेतास जिंकतें. दर वर्षीं फुलणाऱ्या आणि वाफेच्या साध्या भट्टींत तेल देणाऱ्या पिकाच्या बाबतींत शेत पिंपास जिंकतें. मलेरियावरील आर्टेमिसिनिन या औषधाची गोष्ट अशीच आहे. यीस्टच्या साहाय्यानें तें कारखान्यांत करण्याची युक्ति सांपडली, २०१३ सालीं मोठ्या प्रमाणावर उत्पादनही सुरू झालें. पण शेतांत पिकलेल्या औषधाचा भाव इतका उतरला कीं, थोड्याच वर्षांत तो कारखाना दुसऱ्यास विकून टाकावा लागला.

तरीही शेतकऱ्यानें निर्धास्त झोंपावें असें आम्ही म्हणणार नाहीं. १८९७ सालीं जर्मनीच्या कारखान्यांतून कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि थोड्या वर्षांत बिहारमधील निळीच्या शेतीची वाताहत झाली, हा इतिहास फार जुना नाहीं. लव्हेंडरच्या तेलाचा खरा प्रतिस्पर्धी पेशींचें पिंप नसून रासायनिक कारखाना हा आहे, आणि तो केव्हांच रणांगणांत उतरला आहे. कृत्रिम लिनालूल व कृत्रिम लिनालिल ॲसिटेट टर्पेंटाइनपासून वा खनिज द्रव्यांपासून स्वस्तांत होतात. साबणास व धुण्याच्या भुकटीस तेवढा वास पुरतो. याहून वाईट म्हणजे, त्याच द्रव्यांची भेसळ करून कांहीं लोक हलकें तेल अस्सल म्हणून विकतात. सुदैवानें ही भेसळ पकडतां येते. झाडांत तयार होणारें लिनालूल बहुतांशीं एकाच बाजूचें, म्हणजे डाव्या वा उजव्या हातासारख्या दोन रूपांपैकीं एकाच रूपाचें असतें. कारखान्यांतील लिनालुलांत दोन्ही रूपें सारखीं असतात. आधुनिक यंत्र हा भेद सांगतें. तसेंच अस्सल लव्हेंडरच्या तेलांत कापुराचें प्रमाण एक-सव्वा टक्क्याच्या वर जाऊं नये असा औषधिशास्त्राचा दंडक आहे. तेव्हां शेतकऱ्याचें संरक्षण ज्यानें होईल तें शस्त्र म्हणजे तेलाची निर्दोष परीक्षा व तिचा लेखी दाखला. ज्याच्या डब्यावर असा दाखला आहे, त्याचें तेल कारखान्याच्या तेलाशीं स्पर्धा करीत नाहीं. तें निराळ्या गिऱ्हाइकाकडे निराळ्या भावानें जातें.

मग ऊतिसंवर्धनाचा लव्हेंडरला उपयोग तरी कोणता? उपयोग आहे आणि तो मोठा आहे. परंतु तो तेल करण्यांत नसून आईझाड निर्माण करण्यांत आहे. लव्हेंडिन हें संकरित असल्यामुळें वांझ आहे, त्यास बी धरत नाहीं. अस्सल लव्हेंडरला बी येतें, पण बियांचीं रोपें एकमेकांसारखीं नसतात; कोणाचें तेल उत्तम, कोणाचें सामान्य. म्हणून निवडक झाडाच्या छाटांपासून लागवड करण्याची वहिवाट पडली. परंतु छाटाबरोबर झाडाचा रोगही पुढच्या पिढींत जातो. फ्रान्समध्यें हेंच झालें. ‘अब्रियाल’ नांवाची एकच लव्हेंडिनची जात डोंगरोडोंगरीं लावली गेली. तुडतुड्याच्या जातीच्या एका कीटकानें पसरविलेल्या फायटोप्लाझ्मा नामक सूक्ष्म जंतूमुळें तीं झुडुपें पिंवळीं पडून वाळूं लागलीं आणि शेवटीं शेतकऱ्यांस ती जात सोडून ‘ग्रोसो’ ही जात धरावी लागली. या आपत्तींतून तेथील लोकांनीं जो धडा घेतला तो अनुकरणीय आहे. परीक्षा करून निरोगी ठरलेलीं आईझाडें कीटकांस प्रवेश नसलेल्या जाळीच्या घरांत जपावयाचीं आणि त्यांच्या छाटांपासून दाखल्यासह रोपें तयार करून शेतकऱ्यांस द्यावयाचीं, ही ती पद्धति होय.

आमच्या मतें या उद्योगाचें सूत्र एका वाक्यांत सांगतां येतें: आईझाड प्रयोगशाळेंतून आणि शेतांतलें रोप छाटापासून. लव्हेंडरचा छाट थोड्या आठवड्यांत मुळें धरितो. त्यास ना महाग बाटली लागते ना वीज. मग ज्या शेतकऱ्यास हजारों रोपें लावावयाचीं आहेत त्यास प्रत्येक रोप बाटलींतलेंच घ्या असें सांगणें म्हणजे विहिरीजवळ उभ्या असलेल्या माणसास पाणी विकणें होय. प्रयोगशाळेकडून घ्यावयाचीं ती थोडीं, खात्रीचीं, निरोगी आईझाडें. त्यांचा विस्तार शेतकऱ्यांच्या संघानें आपल्या रोपवाटिकेंत स्वतः करावा. यांत खर्च वांचतो, गांवांतल्या हातांस काम मिळतें आणि रोपांची किल्ली परक्या विक्रेत्याच्या कमरेस राहात नाहीं.

येथें केळीच्या अनुभवाचा दाखला द्यावासा वाटतो. जळगांव भागांत मुनव्यांच्या जागीं ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ रोपें आलीं आणि घड एकसारखे, एकाच वेळीं कापणीस येऊं लागले. हा लाभ कोणीही नाकारणार नाहीं. पण आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं एका विक्रेत्याकडून रोपें घेतलीं आणि थोड्याच महिन्यांत बागेंत हरण्या रोग दिसूं लागला. विक्रेता म्हणे, शेजारच्या शेतांतील माव्यानें रोग आणला. बागाईतदार म्हणत, रोपांतूनच आला. खरें काय तें कोणासही सांगतां येईना, कारण पावतीवर ना रोपांच्या खेपेचा क्रमांक होता ना तपासणीचा दाखला. झाडें उपटून जाळावीं लागलीं, आणि नुकसान सर्वस्वीं शेतकऱ्याच्या पदरीं पडलें. या प्रसंगापासून आम्ही असें शिकलों कीं, बाटली म्हणजे निरोगीपणाची हमी नव्हे. बाटलींतली हवा निर्जंतुक असते. पण आईझाडाच्या अंगांत विषाणु असेल तर तोही हजारपटीनें वाढून प्रत्येक रोपांत उतरतो. याशिवाय दीर्घकाळ बाटलींत वाढविलेल्या रोपांत मूळ जातीहून निराळीं, खुजीं वा विकृत झाडें निपजतात, हाही अनुभव शास्त्रसिद्ध आहे. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय योजना केंद्र सरकारनें २००६ सालीं अंमलांत आणिली ती याच कारणास्तव. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा व विषाणु तपासणीचा दाखला मागणें हा शेतकऱ्याचा हक्क आहे. तो मागतांना संकोच करणारा शेतकरी आपल्या मुलाबाळांच्या पुढच्या पांच वर्षांचा घांस पणास लावतो, असें आम्ही स्पष्ट म्हणूं.

आतां दुसऱ्या वार्तेचा समाचार घेऊं. महाराष्ट्राच्या पठारावर लव्हेंडर लावावें काय? आमचें उत्तर सरळ ‘नाहीं’ असें आहे. अस्सल लव्हेंडरला हिवाळ्याची कडक थंडी लागते, उन्हाळा कोरडा लागतो आणि पाणी क्षणभरही न थांबणारी चुनखडीची जमीन लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळांत आकाश गळत असतें आणि काळी जमीन पाणी धरून बसते. अशा जागीं त्याचीं मुळें कुजतात. जें झुडूप भदरवाहच्या हिमाच्छादित खोऱ्यांत शेतकऱ्याचा संसार सांवरतें, तेंच आपल्या काळ्या रानांत त्याचें कर्ज वाढवील. बाटलींतून आल्यामुळें झाडाचा स्वभाव पालटत नाहीं. ज्यांस हौस असेल त्यांनीं दहा रोपें कुंडींत लावून दोन पावसाळे पाहावे; एकर लावण्यापूर्वीं कुंडीचा कौल घ्यावा. लव्हेंडरच्याच वंशांतील कांहीं जाती सह्याद्रीवर व दख्खनच्या माळांवर रानटी उगवतात हें खरें. परंतु त्यांचें तेल म्हणजे व्यापारांतील लव्हेंडरचें तेल नव्हे, आणि केवळ नामसादृश्यावर कोणीं फसूं नये.

शिवाय जेथें हें पीक उत्तम येतें तेथेंही भावाचा खेळ कसा असतो तें पाहण्याजोगें आहे. चांगला भाव पाहून फ्रान्स व बल्गेरिया या दोन्ही देशांत लागवड वाढत गेली. पुढें तेल बाजारांत मावेनासें झालें आणि २०२० नंतरच्या वर्षांत भाव इतके कोसळले कीं, कित्येक शेतकऱ्यांस झुडुपें उपटावीं लागलीं. ज्यांची शेतकी शंभर वर्षांची, ज्यांच्या दारीं भट्ट्या, ज्यांचें नांव सर्व जगांत, त्यांची ही गत. मग नवख्याची काय कथा! सुगंधी तेलाचा बाजार धान्याच्या बाजारासारखा विस्तीर्ण नाहीं. थोडी गिऱ्हाइकें, थोडी गरज. त्यांत ऊतिसंवर्धनानें रोपांचा पूर आणिला तर भावाचा बांध फुटण्यास वेळ लागत नाहीं. रोपें वाढविण्याची गति आणि गिऱ्हाइकें वाढण्याची गति यांचा मेळ कोणतेंही पोषकमिश्रण घालूं शकत नाहीं.

मग या सर्व विवेचनांतून आपण काय घ्यावें? लव्हेंडर नव्हे, लव्हेंडरची रीत घ्यावी. आपल्या भूमीचीं सुगंधी पिकें आपणांस परकीं नाहींत. खानदेशच्या डोंगरांतील रोशा गवताचें तेल एके काळीं मुंबई बंदरांतून दूरदेशीं जात असे. त्यांतील जिरॅनिऑल या गुलाबगंधी द्रव्यास आजही मागणी आहे. गवती चहा व वाळा हीं गवतें हलक्या जमिनींत व थोड्या पाण्यावर येतात. वाळ्याच्या मुळ्या तर बांध धरून माती राखतात. यांपैकीं गवती चहा व वाळा यांची लागवड ठोंबांपासून होते, आणि ठोंब कोणत्या जातीचा, तेल कोणत्या प्रतीचें, हें पाहण्याची आपल्याकडे वहिवाट नाहीं. जो देईल त्याचा ठोंब घ्यावयाचा आणि जो सांगेल त्या भावानें तेल घालावयाचें, ही आपली दशा. येथें ऊतिसंवर्धन खरोखर उपयोगी पडेल. चांगल्या जातीचीं, तेलपरीक्षा केलेलीं थोडीं आईझाडें प्रयोगशाळेकडून मिळवावीं आणि पुढचें काम ठोंबांवर सोपवावें.

यासाठीं आम्ही आमच्या मंडळापुढें चार सूचना ठेवितों. पहिली, कोणत्याही सुगंधी पिकाचीं ऊतिसंवर्धित रोपें सभासदांनीं एकेकट्यानें न घेतां मंडळामार्फत घ्यावीं आणि प्रमाणीकरणाचा दाखला, आईझाडाचें नांव व खेपेचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. दुसरी, मंडळानें आपल्या मालकीची एक लहान जाळीबंद रोपवाटिका उभारावी. तींत आईझाडें राहावीं व छाट वा ठोंब सभासदांस लागत किमतींत मिळावे. एकाच जातीचा हव्यास न धरितां दोन-तीन जाती ठेवाव्या; अब्रियालची गोष्ट विसरूं नये. तिसरी, लागवडीपूर्वीं भट्टीची सोय व्हावी. फुलोरा वा गवत कापून दुसऱ्या जिल्ह्यांत नेणें म्हणजे वाटेवर तेल उडवून देणें होय. चौथी व सर्वांत महत्त्वाची, रोप लावण्यापूर्वीं तेलाचा खरीददार निश्चित व्हावा आणि ‘आम्हीच सर्व तेल परत घेऊं’ असें सांगणाऱ्या रोपविक्रेत्याचें आश्वासन लेखी व वकिलानें वाचलेलें असावें. जो रोप विकून आधीं पैसे घेतो आणि तेल घेण्याचें वचन तोंडीं देतो, त्याचा खरा धंदा रोपांचा आहे, तेलाचा नव्हे.

कोणी म्हणतील कीं, अशा सावधगिरीनें नवें कांहींच होणार नाहीं. सुधारणा करणाऱ्यानें धाडस केलें पाहिजे. आम्हांस धाडस नको आहे असें नाहीं. भदरवाहच्या शेतकऱ्यानें मका सोडून झुडूप लावलें तें धाडसच होतें. परंतु त्याच्या मागें एक संशोधन संस्था उभी होती, रोपें तिनें दिलीं, भट्टी तिनें दाखविली, तेल कोठें विकावें तें तिनें सांगितलें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्याच्या डोंगराची हवा त्या झुडुपास मानवणारी होती. ज्याच्या पाठीशीं शास्त्र आहे व पायाखालीं योग्य भूमि आहे त्याचें धाडस म्हणजे उद्योग. ज्यास दोन्ही नाहींत त्याचें धाडस म्हणजे जुगार. ऊतिसंवर्धन हें उत्तम औत आहे. परंतु औत कोणत्या शेतांत, कोणत्या वाफशावर व कोणाच्या मालकीचें चालवावयाचें हें ठरविण्याचें काम बाटलीचें नाहीं, तें शेतकऱ्याचें आहे. तें त्यानें दुसऱ्यावर सोपवूं नये एवढीच आमची आग्रहाची विनंति आहे. येत्या वार्षिक सभेंत वरील चार सूचनांचा विचार व्हावा, आणि ज्या सभासदांचा अनुभव आमच्याहून निराळा असेल त्यांनीं तो निःसंकोचपणें या मासिकाकडे लिहून पाठवावा. त्यास येथें अवश्य जागा मिळेल.